अकरा ओळींचं समन्स

कोर्टात काम करणाऱ्या माणसाला किस्से गोळा करावे लागत नाहीत. ते आपोआप साठतात, रेकॉर्ड रूममधल्या कागदांसारखे. फरक एवढाच की कागदांना वाळवी लागते आणि किस्से दर वर्षी जाड होत जातात! परवा बार रूममध्ये नव्या मुलांना यातले दोन सांगायला बसले, तर पहिलाच अर्धा झाला आणि जेवणाची सुट्टी संपली. म्हणून म्हटलं, लिहूनच काढावेत.

आणीबाणी उठून एक-दोन वर्षं झाली होती. मला नुकतीच सनद मिळाली होती. काळा कोट नवा होता, आणि देशातला अन्याय आपण साधारण दिवाळीपर्यंत संपवू असा माझा अंदाज होता!

एका दुपारी नाशिकच्या कोर्टाच्या व्हरांड्यात एक बाई भिंतीला टेकून बसलेली दिसली. समोरून काळा कोट आला की ती उठायची, तो पुढे गेला की परत बसायची. मी थांबले.

“काय झालं, बाई?”

“माजं घर जाया लागलं. कोर्टानं दुसऱ्याला दिलं म्हनं. आन मला तं कोनी काईच इचारलं नाय.”

ही ठमीबाई. पेठच्या पलीकडे डोंगरातल्या एका पाड्यावर राहणारी. नवरा वारलेला, एक लग्नाची मुलगी. दिवाळीनंतर भाताची कामं संपली की मायलेकी निफाडकडे कांद्याच्या कामाला जायच्या आणि होळीला परतायच्या. त्या वर्षी त्या तिकडे असताना तिच्या चुलत दिरानं, जो नाशकात नोकरीला होता, दावा लावला की घर आणि मागचं भाताचं खाचर आपलं आहे. कोर्टानं समन्स काढलं. समन्स पोचवणारा बेलीफ पाड्यावर गेला. घरात कोणी नाही, म्हणून समन्सचा कागद दाराला चिकटवून आला. नियमात तशी सोय आहे. तारखेला ठमीबाई हजर नव्हती. एकतर्फी हुकूमनामा झाला, घर आणि खाचर दिराला!

“पण कागद दिसला असेल ना परत आल्यावर?”

“दिसला ना. फवारनीवाल्यांचा वाटला.”

मलेरियाची फवारणी करणारे लोक घराच्या भिंतीवर तारखा लिहून जातात, कागद लावून जातात. सरकारी माणसानं लावलेलं आपण काढायचं नाही, एवढं ठमीबाईला पक्कं माहीत होतं. तिनं तो कागद जपून ठेवला होता!

*

मी तिला घेऊन तडक पंचवटीत अण्णांच्या माडीवर गेले. अण्णा म्हणजे आमचे सीनियर. वय साठीच्या पुढे, दिवाणी कामात सगळं आयुष्य गेलेलं. खाली भाजीबाजाराचा कल्ला, वर अण्णांची शांतता.

अण्णांनी सगळं ऐकून घेतलं आणि दोन गोष्टी केल्या. एक, हुकूमनामा रद्द करण्याचा अर्ज तयार केला. त्या अर्जावर तात्पुरती स्थगिती मिळाली. म्हणजे अर्जाचा निकाल लागेपर्यंत घर ठमीबाईचं. अर्ज फेटाळला तर त्याच दिवशी घर गेलं!

दुसरी गोष्ट म्हणजे त्यांनी चष्मा काढून विचारलं, “पोरी, हे एका बाईचं झालं. असे कागद आणखी किती दारांवर असतील?”

समन्स कसं लिहायचं, कसं बजावायचं, याचे नियम बदलण्यासाठी मुंबईला एक समिती असते. तिला कोणीही सूचना पाठवू शकतं. फक्त पाठवत कोणी नाही. अण्णांनी ठरवलं, आपण पाठवायच्या. दर शनिवारी दुपारी, त्यांच्या माडीवर.

चौघे जमलो. अण्णा, मी, लॉ कॉलेजात शिकवणारे साठे सर, आणि गांगुर्डे वकील. गांगुर्डे आधी चौदा वर्षं कोर्टात क्लार्क होते. नोकरी करत करत एलएल.बी. झाले. आंबेडकर जयंतीच्या सभेत त्यांना बोलायला उभं केलं की पुढचा वक्ता बसूनच राहायचा, इतके चांगले बोलायचे.

पहिल्या शनिवारी साठे सरांनी समन्सचा छापील नमुना मोठ्यानं वाचला. “ज्याअर्थी वादी यांनी तुमच्याविरुद्ध उपरिनिर्दिष्ट दावा दाखल केलेला आहे, त्याअर्थी तुम्हांस या समन्सद्वारे...” असं करत ते अकराव्या ओळीला पोचले तेव्हा पहिला पूर्णविराम आला. सर पाणी प्यायले.

गांगुर्डे शांतपणे म्हणाले, “चौदा वर्षं मी हे वाक्य रोज लिहून पाठवत होतो. अर्थ मला एलएल.बी. झाल्यावर कळला!”

*

कायदा सोपा करायला चार कायदेतज्ज्ञ बसले की काय होतं, ते ऐका.

साठे सरांचं म्हणणं, आधी व्याख्या करा. ‘हंगामी कामासाठी बाहेरगावी गेलेली व्यक्ती’ म्हणजे कोण? सरांनी लिहिलं. अण्णा म्हणाले, “आणि जी व्यक्ती मुद्दाम निघून गेली तिचं काय?” म्हणून एक ‘परंतु’ आला. गांगुर्डे म्हणाले, “आणि आठवड्याच्या बाजाराला अधूनमधून परत येते तिचं काय?” म्हणून दुसरा ‘परंतु’ आला. दुसऱ्या ‘परंतु’मुळे पहिला अडचणीत आला, तेव्हा त्याच्या मदतीला ‘तथापि’ धावून आला.

तीन शनिवार गेले. चौथ्या शनिवारी गांगुर्ड्यांनी बोट ठेवून ओळी मोजल्या.

“जुन्या अकरा. आपल्या चौदा. अभिनंदन, सुधारणा झाली!”

माझा तोल गेला. “तोवर ठमीबाईचं घर जाईल! मी लिहून आणते, एका ओळीत!”

पुढच्या शनिवारी मी खरंच एक ओळ घेऊन गेले. “अमुक तारखेला कोर्टात या.” मी कागद अण्णांपुढे ठेवला आणि हाताची घडी घालून उभी राहिले.

“छान आहे,” अण्णा म्हणाले. “कोणत्या कोर्टात?”

“नाशिकच्या.”

“नाशकात एका इमारतीत किती कोर्टं?”

मी खोलीचा नंबर घातला.

“कशाला या?”

मी दाव्याचं कारण घातलं.

“येताना काय आणायचं? वकील नसला तर चालेल का? आजारी पडली तर? नाहीच आली तर काय होईल?”

मी लिहीत गेले. अण्णा विचारत गेले. शेवटी माझ्या एका ओळीच्या नऊ ओळी झाल्या होत्या आणि माझ्या हाताची घडी कधीच सुटली होती.

“आता कसं सगळं आलं,” अण्णा म्हणाले. “पूर्णविराम मात्र नऊ आहेत तुझे. तेवढे ठेवू!”

*

मग गांगुर्ड्यांनी एक पद्धत पाडली. आमच्या मसुद्यातलं कोणतंही वाक्य चौघांना पटलं म्हणून पास होणार नाही. ज्याचा कायद्याशी संबंध नाही अशा माणसाला ते एकदाच वाचून दाखवायचं. मग त्यानं आपल्या शब्दांत सांगायचं, मी आता काय करणार. त्याला सांगता आलं नाही तर नापास वाक्य, माणूस नव्हे.

पहिली परीक्षा काकूंकडे, म्हणजे अण्णांच्या बायकोकडे. त्या गवार निवडत बसल्या होत्या. साठे सरांनी गंभीरपणे वाचलं, “तुम्ही आला नाहीत, तर तुमचं म्हणणं न ऐकता निकाल दिला जाईल.”

“समजलं का, वहिनी?”

काकूंनी गवारीची शेंग मोडली. “यात न समजण्यासारखं काय आहे? या घरात चाळीस वर्षं माझं म्हणणं न ऐकताच निकाल लागतो आहे!”

हसावं की नाही ते कोणाला कळेना. अण्णांनी पेन उचललं आणि समासात लिहिलं, “वाक्य मंजूर. अर्थ पूर्णपणे पोचला.”

*

या परीक्षेचं साठे सरांना वेडच लागलं. सर एरवी स्वतःच्या स्टॉपवर उतरायला विसरतील असे, पण मसुद्याची वही खिशात कायम. वाण्याला वाचून दाखव, न्हाव्याला वाचून दाखव. एकदा न्हाव्यानं वाक्य पूर्ण समजेपर्यंत वस्तरा थांबवून ठेवला. सर अर्ध्या दाढीनं खुश!

एकदा ते लग्नाला सटाण्याला निघाले. एस.टी.त शेजारी एक कांद्याचे व्यापारी होते. सरांनी त्यांना सगळा मसुदा वाचून दाखवला. व्यापाऱ्यांनी तो नीट समजावूनही सांगितला, एक शब्द न चुकता. मग विचारलं, “हाई कोनी लिखं?”

“आम्ही चार वकिलांनी मिळून.”

“किती दिन लागनात?”

“पाच महिने.”

व्यापाऱ्यांनी बोटांवर हिशोब केला. देवळा गाव मागे पडलं तेव्हा म्हणाले, “चार वकील, पाच महिना, आनि कागद एकच शे! मंग भांडन करनारा तुमनामा कोनीच नही का?”

सरांनी आम्हाला हे सांगितलं, तेव्हा आमच्यात दोन ‘परंतु’ंवरून जोरात भांडण चालू होतं.

*

लिहायचं कसं ते जमत आलं होतं. पण समन्स न्यायचं कसं? ते आम्हा चौघांपैकी कोणीच कधी नेलेलं नव्हतं. म्हणून एका शनिवारी रामभाऊंना बोलावलं. रामभाऊ कोर्टाचे बेलीफ. सिन्नरचे, पन्नाशीचे, पायात नेहमी टायरच्या चपला. ठमीबाईच्या दाराला कागद त्यांनीच चिकटवला होता.

जिन्यात पावलं वाजली तसे अण्णा मला म्हणाले, “ठमीबाईबद्दल एक अक्षर विचारायचं नाही. तो त्या कामात साक्षीदार आहे. नियमाबद्दल काय ते विचार.”

मला ते अजिबात पटलं नाही. समोर माणूस बसलेला, आणि नेमकं तेच विचारायचं नाही! पण अण्णांनी असं बघितलं की मी चहा आणायला उठले.

साठे सरांनी आमचा नवा नियम वाचला. “घरात कोणी नसेल तर बेलिफानं शेजाऱ्यांकडे चौकशी करावी. माणूस केव्हा परत येणार ते लिहून घ्यावं. त्यानंतर पुन्हा जावं. तरीही भेट झाली नाही तर तिसऱ्यांदा जावं.”

रामभाऊंनी बशीतला चहा संपवला. “लय भारी हाय, सर. सगळं हाय यात. फकस्त रस्ता नाय.”

“म्हणजे?”

“एस.टी. पेठपातूर. पुढं चालायचं. मधी नदी. पैल्यांदा गेलो, पानी गुडघ्याला. दुसऱ्यांदा कमरंला. तिसऱ्यांदा जाताना नदी कोनी उतरवायची, ते बी लिवा की!”

साठे सरांनी मान डोलावली, वही उघडली आणि प्रामाणिकपणे लिहायला घेतलं, “नदीस पाणी असल्यास...”

गांगुर्ड्यांनी हळूच त्यांच्या हातातलं पेन काढून घेतलं. “सर, नदीची व्याख्या आज नको!”

त्या शनिवारी सगळा नियम आम्ही खोडला. नवा लिहिला तो रामभाऊंना विचारत विचारत. जिथले लोक हंगामाला बाहेर जातात तिथं समन्स त्या महिन्यांत काढूच नये, आणि काढलंच तर गावच्या शाळेत वाचून दाखवावं. सोपा नियम. पाच महिने आम्हाला सुचला नव्हता.

*

पुढचं आधी सांगून टाकते. निवेदन मुंबईला गेलं. काही महिन्यांनी पोचपावतीसारखं एक पत्र आलं. एकच ओळ होती. “आपल्या सूचनांची नोंद घेण्यात आली आहे.”

साठे सर म्हणाले, ही चांगली खूण आहे. मी म्हटलं, ही फाईल बंद झाल्याची खूण आहे. वाद वाढला. शेवटी गांगुर्डे म्हणाले, “पद्धत ती पद्धत. काकूंना वाचून दाखवू.”

काकूंनी ओळ ऐकली. “म्हणजे पाहुण्यांना चहा घेणार का विचारलं, आणि उत्तर ऐकून यजमान आत निघून गेले.”

बऱ्याच वर्षांनी समन्सचा नमुना थोडा बदलला. त्यात दोन ओळी आमच्या आहेत असं आम्हाला वाटतं. नेमक्या कोणत्या, यावर आमची चौघांची चार मतं झाली.

*

आता ठमीबाईच्या अर्जाच्या सुनावणीचं सांगते.

सुनावणी पावसाळ्यात लागली. दिराचे वकील तयारीचे होते. त्यांचा मुद्दा सरळ होता. नियमाप्रमाणे समन्स दाराला लागलं, बाईनं ते पाहिलं, मग बजावणी झालीच! रामभाऊंचा अहवाल कागदोपत्री चोख होता. त्यावर आमच्याकडे बोलायला होतं काय? फक्त ठमीबाईचा शब्द.

अण्णा म्हणाले, “तो कागद मला बघायचा आहे. मूळ कागद. दाराला लागलेला.”

मग ठमीबाईला पत्र लिहायचं ठरलं. पाड्याजवळच्या शाळेचे मास्तर ते तिला वाचून दाखवणार होते. चौघांनी मिळून पत्र लिहिलं. “दाराला लावलेला कागद फाडू नका. ओढू नका. भिजू देऊ नका. तो जसा आहे तसा घेऊन येत्या सोमवारी सकाळी कोर्टात या.”

काकूंना वाचून दाखवलं, पास. खालच्या भाजीवाल्याला, पास. अण्णांनी एकही ‘परंतु’ घातला नाही. साठे सरांनी कशाचीही व्याख्या केली नाही. आमच्या मंडळाच्या इतिहासात पहिल्यांदाच एक मसुदा पहिल्या वाचनात मंजूर झाला! आम्ही खूप खुश होतो.

सोमवारी सकाळी मी कोर्टाच्या फाटकात उभी होते. समोर एस.टी. स्टँड. पेठची गाडी आली. माणसं उतरली, ठमीबाई उतरली, तिची मुलगी उतरली. मग कंडक्टर शिव्या देत टपावर चढला आणि वरून एक दार खाली आलं.

दार! कारवीच्या काड्यांची विणलेली ताटी, वर मातीचं आणि शेणाचं लिंपण, माणसाच्या उंचीची. मधोमध एका जागी पळसाची पानं पसरून वाखानं बांधलेली, कागद भिजू नये म्हणून. पुढे ठमीबाई, मागे मुलगी, दोघींच्या डोक्यावर दार, अशा त्या रस्ता ओलांडून माझ्यासमोर येऊन उभ्या राहिल्या.

“फाडला नाय,” ठमीबाई म्हणाली. “ओढला नाय. भिजला बी नाय.”

मी पळत अण्णांकडे गेले. “अण्णा, ती आली.”

“कागद आणलाय?”

“जसा आहे तसा.”

कोर्टाच्या खोलीत दार सरळ जाईना, म्हणून आडवं करून घेतलं. पट्टेवाला एका बाजूनं ढकलत होता, गांगुर्डे दुसऱ्या बाजूनं ओढत होते. दिराचे वकील उभेच राहिले. “हरकत आहे!”

न्यायाधीशांनी चष्म्यावरून बघितलं. “कशाला?”

“दाराला, साहेब!”

“पुरावा बघितल्यावर हरकत ऐकतो,” न्यायाधीश म्हणाले आणि पळसाची पानं सोडायला सांगितली.

कागद जागेवर होता. ठमीबाईनं दर वेळी दार सारवताना त्याला धक्का न लावता कडेनं सारवलं होतं. त्यामुळे चहूबाजूंनी लिंपणाची सरळ चौकट झाली होती. अण्णांच्या माडीवर त्यांची सनद लावली आहे, तिलाही इतकी चांगली फ्रेम नाही.

रामभाऊ पिंजऱ्यात आले. न्यायाधीशांनी त्यांचा अहवाल वाचला. “घर कुलूपबंद आढळले, सबब समन्स दारास चिकटविले. बरोबर?”

“व्हय साहेब.”

“हेच ते दार?”

“व्हय साहेब.”

“कुलूप कुठं होतं, ते दाखवा.”

रामभाऊ खाली उतरले. दाराभोवती एक फेरी मारली. मागून बघितलं, खालून बघितलं. कडी नाही, कोयंडा नाही, बिजागरी नाही. दार बांधायची दोरी तेवढी लोंबत होती. रामभाऊ सरळ उभे राहिले. “साहेब, कुलूप फॉर्मात छापलेलं हाय. आमी नुसतं नाव आन तारीख भरतो.”

सगळी खोली हसली. न्यायाधीश हसले नाहीत. त्यांनी ते स्वतःच्या हातानं लिहून घेतलं.

दिराचे वकील सावरले. “साहेब, कुलूप असो वा नसो. बाईनं कागद पाहिला, हे तिलाच कबूल आहे. त्यावर स्पष्ट लिहिलेलं असताना ती आली नाही!”

“ठीक आहे,” न्यायाधीश म्हणाले. “दाराजवळ जा. तिनं काय करायला हवं होतं, ते तिथंच वाचून तिला सांगा.”

वकील दारापुढे वाकले. “ज्याअर्थी वादी यांनी...” पाचव्या ओळीला ते पहिल्यांदा थांबले. सातव्या ओळीवरून परत चौथीवर गेले. ठमीबाई त्यांच्या तोंडाकडे लक्ष देऊन बघत होती, तिला खरंच ऐकायचं होतं. नवव्या ओळीला वकील सरळ झाले आणि कपाळ पुसलं.

“साहेब, मला थोडा वेळ मिळावा.”

न्यायाधीशांनी पेन खाली ठेवलं. “तिच्याही अर्जात तेवढंच मागितलं आहे!”

दुपारी निकाल झाला. एकतर्फी हुकूमनामा रद्द. दावा नव्यानं, दोन्ही बाजू ऐकून चालेल. घर आणि खाचर तोवर ठमीबाईकडेच. माझ्या डोळ्यांत पाणी आलं, ते लपवायला मी ठमीबाईचा हात धरला. तिनं विचारलं, “जाऊ आता?”

“जा, जा!”

मायलेकींनी दार उचललं. क्लार्क मधे आला. “ते नेता येणार नाही. त्याला पुराव्याची निशाणी पडली आहे. निशाणी म्हणजे आता ते कोर्टाच्या रेकॉर्डचं. दावा संपेपर्यंत इथंच राहील.”

“आन माज्या घराला?” ठमीबाई म्हणाली. “घर उघडं हाय. पानी येतंय आत.”

बाहेर पावसाची सर चालू होती. क्लार्क म्हणाला, नियम आहे. आम्ही चौघे धावलो. अण्णा म्हणाले, दस्तऐवज परत मिळण्याचा अर्ज देऊ. साठे सर म्हणाले, थांबा, दार हा दस्तऐवज आहे का? ज्यावर मजकूर आहे ती वस्तू दस्तऐवज, म्हणजे आहे. पण मजकूर कागदावर आहे, म्हणजे नाही. गांगुर्डे म्हणाले, वस्तू म्हटली तर फॉर्म वेगळा लागतो. मी म्हटलं, कुठलाही लागू दे, पाऊस पडतोय! अण्णांनी पुस्तक उघडलं. साठे सरांनी दुसरं उघडलं. न्यायाधीश उठून गेले होते. क्लार्कनं सांगितलं, उद्या अर्ज द्या, परवा ऐकू.

ठमीबाईनं आमच्याकडे एकदा बघितलं. मग ती व्हरांड्यातल्या माठापाशी गेली, पदराचं टोक भिजवलं आणि परत येऊन दारापुढे उकिडवी बसली. ओला पदर कागदाच्या कडेनं हळूहळू फिरवला. एक बाजू, दुसरी बाजू, मग वरची. नख लावून कोपरा उचलला. सगळा कागद अख्खा निघाला, शेणाच्या चौकटीसकट. तिनं तो दोन्ही हातांवर घेतला, क्लार्कच्या टेबलावर नीट पसरून ठेवला आणि वर पेपरवेट ठेवला.

“ह्यो कागूद तुजा,” ती म्हणाली. “दार माजं. आमची गाडी सुटंल.”